आयर्लंडला गेलेला पटका

मित्रांनो, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, हे कुणाचं तरी जुनं धोतर असावं. रंग उडालेला, काठ विरलेले. पण मी धोतर नाही. मी पटका आहे. आमच्या शिरोळ भागात अजूनही काही वयस्क माणसं रोज सकाळी डोक्याला बांधतात, तो लांबलचक कापडाचा पटका. ज्याच्या डोक्यासाठी मी होतो ते डोकं आता नाही. म्हणून थोडा वेळ माझं ऐका.

माझा जन्म इचलकरंजीच्या एका मागावर झाला. मागांचा तो खडखडाट एवढा होता की बाहेरच्या जगात शांतता असते हे मला दुकानात आल्यावरच कळलं. मला गुलाबी रंग दिला, खळ दिली, आणि कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या फळीवर ठेवलं. तिथं एके दिवशी गुंडूतात्या आले. गावच्या दूध संस्थेचे सचिव म्हणून त्यांची नुकतीच निवड झाली होती आणि त्या कामाला शोभेल असा पांढरा पटका त्यांना हवा होता. बरोबर त्यांची लहान मुलगी होती, राजनंदिनी. तिनं फळीवर हात टाकला तो थेट माझ्यावर.

"तात्या, ह्यो."

"अगं, ह्यो लग्नात बांधायचा रंग हाय. रोज बांधला तर लोक हसतील की."

"मग रोज लगीन."

दुकानदार हसला, तात्याही हसले, आणि मी कागदात गुंडाळला गेलो.

त्या दिवसापासून माझी सकाळ ठरून गेली. तात्या अंघोळ करून उंबऱ्यावर बसत. माझं एक टोक गुडघ्याखाली दाबत, दुसरं हातात घेऊन मला पीळ देत आणि मग एकेक वेढा देत डोक्याला बांधत. आरशाची गरज त्यांना कधी पडली नाही. मी बांधला गेलो की त्यांचा दिवस सुरू होई. संस्थेत दूध घालायला आलेल्या बायका लांबून ओळखत, "आलं बगा गुलाबी तात्या."

पटक्याला डोक्यावर बसण्यापलीकडेही पुष्कळ कामं असतात. मी घाम पुसला आहे. शेतातून येताना माझ्या टोकात पेरू बांधून आणले आहेत. राजनंदिनीचा गुडघा फुटला तेव्हा माझ्याच टोकाची चिंधी फाडली होती. कृष्णेला महापूर आला आणि गाव सोडावं लागलं, तेव्हा नावेत बसताना तात्यांनी तिला पाठीशी घेऊन माझ्यानं कमरेला आवळून बांधलं होतं. ती भिऊन रडत होती आणि तिच्या नखांनी माझे धागे ओढत होती. त्या ठिकाणी मी अजून थोडा विरळ आहे.

अशी वर्षं गेली. माझा गुलाबी रंग अबोलीसारखा फिका झाला. राजनंदिनी वारणानगरला शिकायला गेली आणि तिथून पुढं दुधाचंच शास्त्र शिकण्यासाठी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात तिला प्रवेश मिळाला. गावात कुणाला आयर्लंड ठाऊक नव्हतं. तात्या सगळ्यांना एकच सांगत, "माणसांपरीस गाई जास्त असत्याल असा देश हाय." एवढं ऐकलं की लोकांना तो देश चांगला वाटायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरायला सगळी भावकी जमली. आमच्याकडं एवढ्या लांब निघालेल्या मुलीला प्रत्येक घरातून वाटेसाठी काहीतरी द्यायचंच असतं, आणि दिलेलं नको म्हणायचं नसतं. तात्यांच्या बहिणीनं, विठाबाईनं, डबाभर भडंग आणलं. धाकटे भाऊ पिराजी यांनी गुळाची भेली आणली. कुणी चटणी, कुणी मेतकूट, कुणी शेंगदाण्याची पोळी. राजनंदिनीची आई शालूबाई यांनी या सगळ्याच्या आधीच बॅगेत कुकर घातला होता.

"आई, कुकर तिकडं मिळतो," राजनंदिनी म्हणाली.

"मिळू दे की. त्येची शिट्टी आपल्यासारखी वाजती काय?"

बॅग कशीबशी मिटली. आता ती तोलायला हवी होती, कारण विमानात ठरावीक वजनच चालतं. तात्या म्हणाले, संस्थेत काटा आहे, त्यावर घालू. एवढी वर्षं दुधाच्या एका थेंबाचा फरक त्यांनी होऊ दिला नव्हता, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. बॅग काट्यावर चढली. वजन बसलं. विठाबाई टाळ्या वाजवत म्हणाली, "अजून जागा हाय! थांबा, लोणचं घिऊन येतो."

मित्रांनो, दुधाच्या काट्याचं एक असतं. त्यावर आधी रिकामा कॅन ठेवून आकडा शून्यावर आणतात, म्हणजे कॅनचं वजन आपोआप वजा होतं आणि फक्त दूध तोललं जातं. संध्याकाळचं संकलन नुकतंच संपलं होतं. काटा तसाच राहिला होता. बॅगेच्या वजनातून एका मोठ्या कॅनचं वजन कमी होऊन आकडा दिसत होता. तात्यांना हे कळायला हवं होतं. एरवी झोपेतसुद्धा कळलं असतं. पण मी त्यांच्या डोक्यावरच होतो आणि मला ठाऊक आहे, ते आकड्याकडं बघत नव्हते. बॅगेच्या पलीकडं ओठ दाबून उभ्या असलेल्या मुलीकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिराजींच्या मुलानं, राजवीरनं, ट्रॅक्स गाडी काढली. तात्या, शालूबाई, पिराजी, विठाबाई, सगळे मुंबईला निघाले. साताऱ्याच्या पुढं विठाबाईला गाडी लागली. पुण्यात रस्ता चुकला. पिराजी प्रत्येक चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला सांगत होते, "पावणं, पुतणी परदेशाला चाललीया आमची." विमानतळ आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वेळ थोडा उरला होता.

दाराबाहेर सामान तोलायचा काटा होता. राजवीरनं सहज म्हणून बॅग वर ठेवली आणि आकडा बघून त्यानं तात्यांना हाक मारली. तात्या वाकून बघायला गेले. मग त्यांनी कपाळावर हात मारला, तो माझ्यावर बसला.

"कॅन वजा झाला," ते म्हणाले. "माझ्या हातनं कॅन वजा झाला की रं."

फुटपाथवरच बॅग उघडली. येणारे जाणारे वळसा घालून जात होते. काय काढायचं यावरून लगेच भांडण जुंपलं.

"भडंग काढू नगा, त्येला काय वजन असतंय? ह्यो पिराजीचा गूळ काढा, धोंडा नुसता."

"आक्का, गूळ तिकडं मिळत न्हाय."

"भडंग मिळतंय व्हय मग?"

राजनंदिनी खाली बसून एकेक वस्तू बाहेर ठेवत होती आणि ज्याची वस्तू निघे त्याच्याकडं मान वर करून बघत नव्हती. शेवटी शालूबाईंनीच कुकर उचलून ट्रॅक्समध्ये नेऊन ठेवला. परत आल्या तेव्हा पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "धूळ लई हाय हितं."

वजन बसलं. पण बॅग मिटताना चेन तुटली. एका बाजूनं तोंड उघडंच राहिलं. नवी बॅग आणायला वेळ नव्हता, दोरी कुणाकडं नव्हती. तिकडं आत जाण्याची रांग वाढत होती आणि राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी जमू लागलं होतं. तेव्हा तात्यांनी दोन्ही हात वर नेले आणि मला डोक्यावरून उतरवलं.

"अहो, काय करताय?" शालूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "लेकीला लावून द्यायच्या टायमाला उघडं डोस्कं?"

कारण आमच्याकडं माणूस चारचौघांत पटका उतरवतो तो कुणी गेलं तरच.

"डोस्क्यातनं काय सांडत न्हाय," तात्या म्हणाले. "बॅगेतनं सांडंल."

त्यांनी गुडघा बॅगेवर ठेवून मला आडवा, उभा, पुन्हा आडवा आवळला. शेवटची गाठ मारून त्यांनी राजनंदिनीकडं पाहिलं. "गाठ सुटणार न्हाय. येताना घिऊन ये. तूच हातानं आणून दे. तवर मी दुसरा बांधत न्हाय."

"तात्या, आसं काय बोलता? नवा घ्या की."

"न्हाय. सांगितलं की एकदा."

बॅग आत गेली आणि तात्यांच्या-माझ्यामध्ये काच आली. काचेतून मला तात्या पहिल्यांदाच पूर्ण दिसले. मी कायम त्यांच्या डोक्यावर, मला ते कसे दिसणार? कपाळाच्या मध्यावर एक सरळ रेघ होती, खाली उन्हानं रापलेलं आणि वर गोरं. ती रेघ माझी होती. मी आयुष्यभर जिथं बसलो त्या जागेची.

पुढचा प्रवास मी पट्ट्यांवर आणि गाड्यांवर आपटत केला. मध्ये एका आखाती देशात विमान बदलायचं होतं. मुंबईहून आमचं विमान उशिरा पोचलं, राजनंदिनी धावत दुसऱ्या विमानात शिरली आणि मी मागंच राहिलो. शेकडो बॅगांच्या ढिगात, एका मोठ्या थंड खोलीत, किती दिवस ते मला सांगता येणार नाही. धक्क्यांनी माझा एक वेढा सैल होऊन फरशीवर लोंबत होता. तिथं सामान वाहणारा एक उंच, दाढीवाला माणूस होता. जाताजाता तो थांबला. त्यानं ते लोंबणारं टोक उचललं, झटकलं, डोळ्यांशी नेलं आणि नीट आवळून पुन्हा खोचलं. त्याच्या मुलखातही डोक्याला कापड बांधत असावेत. त्या सगळ्या प्रवासात मी काय आहे हे ओळखणारा तो एकटाच भेटला.

इकडं राजनंदिनी अंगावरच्या कपड्यांनिशी कॉर्कला उतरली होती. विमानतळावर बॅग कशी होती असं विचारल्यावर काळी म्हणून काय उपयोग? सगळ्यांच्याच काळ्या. तिनं सांगितलं, माझ्या बॅगेला माझ्या वडिलांचा पटका बांधलेला आहे. बॅग सापडली. दारात ती ठेवून माणूस गेल्यावर तिनं बॅग उघडली नाही. माझ्या गाठीला गाल लावून ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

तिनं मला धुतलं नाही. घडी करून उशाच्या फळीवर ठेवलं. रविवारी फोनवर घर दिसायचं, तेव्हा ती मला मांडीवर घेऊन बसायची. पडद्यावर तात्या उघड्या डोक्यानं बसलेले असत. कपाळावरची रेघ हळूहळू पुसट होत चालली होती.

"लोक काय म्हणत्यात, तात्या?"

"इच्यारत्यात की. तात्या, डोस्क्याव काय न्हाय, कोण गेलं? मी म्हणतो, गेली की. शिकाय गेलीया." आणि ते आपल्याच बोलण्यावर हसत.

शालूबाईंना ते हसू पटत नसे. त्या पुढं येऊन सांगत, "अगं, राजवीरच्या लग्नात सगळ्यांस्नी फेटं बांधलं. ह्येंनी हातात घेतला आन् घडी करून खांद्याव टाकला. व्याही फुगून बसलं. तू त्यो पटका पार्सलनं तरी पाठवून दे बाई."

"पटका पार्सलनं पाठवत्यात व्हय?" तात्या मागून ओरडत. "आंबाडीची भाजी हाय काय ती?"

राजनंदिनी म्हणायची, "परीक्षा झाली की येतो." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसंच ती घरी बोलायची, येतो, जातो. परीक्षा झाली. मग तिथल्याच एका दुधाच्या कारखान्यात तिला काम लागलं. नव्या नोकरीत लगेच रजा मिळत नाही. गणपतीला येतो, ती म्हणाली. मग दिवाळीला. मग उन्हाळ्यात, म्हणजे निदान चार आठवडे तरी राहता येईल. प्रत्येक वेळी तात्यांचं उत्तर एकच असे.

"सवडीनं ये. काम सोडून येऊ नगंस. डोस्कं कुठं पळून चाललंय?"

हे ऐकून तिला हलकं वाटायचं. ती मला फळीवर ठेवून द्यायची. माझ्या घडीवर हळूहळू तिची पुस्तकं आली, मग एक छत्री, मग पावसाळी कोट. मी तक्रार करत नाही, मित्रांनो. ती दिवसभर राबायची आणि थकून यायची. तिच्या मनात मी सुरक्षित होतो. तात्याही सुरक्षित होते.

पुढच्या पावसाळ्यात एके सकाळी पिराजींचा फोन आला. तात्या संस्थेत खुर्चीवर बसले होते, समोर दूध घालणाऱ्यांची रांग होती, आणि ते तसेच एका बाजूला कलले. दवाखान्यापर्यंतही गेले नाहीत.

तिनं पुस्तकं, छत्री, कोट एका हातानं बाजूला सारले आणि मला ओढून काढलं. दुसरं काही नीट भरलंही नाही. या वेळी मी बॅगेला नव्हतो. मी तिच्या मांडीवर होतो, तिच्या दोन्ही मुठी माझ्यात. पहिलं विमान वादळी वाऱ्यानं रखडलं. पुढचं चुकलं. त्याच आखाती विमानतळावर ती एका खुर्चीवर बसली आणि फोनवर गावातले आवाज येत राहिले.

"नंदू, किती येळ लागंल?" पिराजी विचारत होते. "नदीचं पाणी चढाय लागलंय. मसणवाट पाण्यात गेली तर पंचाईत व्हईल."

मग शालूबाईंचा आवाज आला. तो रडून रडून बसला होता, पण डळमळत नव्हता. "त्येंस्नी थांबवून ठेवत न्हाय आम्ही. तू सावकाश ये. पळापळीत तुला काय व्हायला नगो."

"आई, मी पटका आणतोय."

"व्हय गं बाळा."

तासाभरानं राजवीरचा फोन आला. फोनवर तात्यांचं तोंड दाखवू का, त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, मग तो बघत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नको." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डोक्याव काय बांधलंय?"

मागं पावसाचा आणि माणसांचा आवाज येत होता.

"काय न्हाय, ताई. आमच्या बाबांनी नवा आणलता. थोरली आई म्हणली, नगो. त्येंनी बांधून घेतला नसता."

ती गावात पोचली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. रक्षाविसर्जनासाठी सगळी भावकी जमली होती. नदीचं पाणी खरोखरच चढलं होतं, म्हणून अग्नी आमच्या शेताच्या उंच कोपऱ्यावर दिला होता आणि रक्षाही नदीत न सोडता शेतातच पुरायची ठरली होती. ती गाडीतून उतरली ती चिखलातून तशीच तिकडं चालत गेली. विठाबाई हंबरडा फोडून पुढं आली. तिला मिठीत घेऊन राजनंदिनी क्षणभर उभी राहिली आणि मग बाजूला झाली.

पिराजींच्या हातात रक्षा भरायला मडकं होतं. तिनं मला उलगडलं. किती दिवसांनी मी पूर्ण लांबीचा झालो. तिनं मला दुमडून चौपदरी घडी केली आणि राखेशेजारी पसरलं.

"नंदू, आसं करू नगंस," पिराजी म्हणाले. "मानाचं कापड हाय ते. डोक्याव बांधायचं. त्यात रक्षा भरत्यात व्हय कुठं?"

राजनंदिनीनं त्यांच्याकडं पाहिलं, पण मला उचललं नाही. तेव्हा बायकांतून शालूबाई उठल्या. हळू चालत आल्या, माझ्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि माझी दोन टोकं हातात धरली.

"भर," त्या म्हणाल्या.

दोघींनी ओंजळीनं भरलं. राख थंड होती, पावसानं थोडी ओली. मित्रांनो, तात्यांच्या डोक्याची मला सवय होती. उजव्या कानामागचा उंचवटा, कपाळावरची शीर, टाळूवरचा भोवरा, सगळं मला अंधारातही सापडलं असतं. त्या सकाळी मी ते शोधत राहिलो. प्रत्येक ओंजळीसरशी मला वाटे, आता कपाळ लागेल.

राजनंदिनीनं गाठ बांधली. शालूबाईंनी वरून आपला हात ठेवला. मग तिनं मला उचललं आणि बांधाच्या कडेनं, उसातून, खड्ड्यापर्यंत आणलं. तिथं गाठ सोडली. मी रिकामा झालो.

शालूबाईंनी मला पाटाच्या पाण्यात खळबळून वाळत घातलं. तेरावा झाल्यावर राजनंदिनीला परत जावं लागलं. जाताना तिनं मला एकदा उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शालूबाई म्हणाल्या, "हितंच असू दे. सकाळी उठून बघाय मला बी काय तरी पायजे." म्हणून मी या कपाटात आहे. रोज सकाळी शालूबाई दार उघडतात, माझ्यावर हात ठेवतात आणि दार लावतात. त्यांच्या गुडघ्यांना वाकायला त्रास होतो, तरी वरच्या कप्प्यात मला हलवत नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी कापडं नेहमी सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला पुसायला घेऊ नका. मी ते मागणार नाही. कापडाचं काय, फाटलं तरी कुणाच्या तरी गुडघ्याला उपयोगी पडतं. मी एवढंच सांगतो. तुम्हीही एक दिवस शिकायला लांब जाल. जा. खूप शिका. घरचं माणूस फोनवर म्हणेल, सवडीनं ये. ते खरंच तसं म्हणत असेल, खोटं बोलत नसेल. पण ती सवड त्यानं तुम्हाला दिलेली असते. त्याच्याजवळ ती असेलच असं नाही.

म्हणून सुट्टी मोठी होण्याची वाट बघू नका. दोन दिवसांसाठी या. काही आणायचं राहिलं तर राहू दे. आधी येऊन समोर उभे राहा.